परत न गेलेलं गणित

मी घरगुती उपकरणांच्या एका मोठ्या दुकानात रिटर्न काउंटरवर बसतो. लोक वस्तू विकत घेताना हसतात, पण ते हसू बघायला दुसरा माणूस नेमलेला आहे. माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा असतो. इस्त्री तापत नाही, मिक्सर फार ओरडतो, केटलचा रंग पसंत नाही. मी पावती बघतो, खोका बघतो आणि वस्तू वापरलेली आहे का ते बघतो. वापरलेली असेल तर मला एक वाक्य नेमून दिलेलं आहे : वापरलेली वस्तू परत घेतली जात नाही. बायको म्हणते, मी ते झोपेतही म्हणतो. मी तिला पुरावा मागितला आहे.

अशा नोकरीने माणसाला एक वळण लागतं. आमच्या घरात खोका टाकत नाहीत. टोस्टरचा, दिव्याचा, वजनकाट्याचा, सगळे खोके आतल्या थर्माकोलसकट कपाटावर आणि पलंगांखाली रचलेले आहेत. आमचा टेबलफॅन केव्हाच भंगारात गेला, पण त्याचा खोका उत्तम स्थितीत आहे.

बायको माझ्याही वरताण. ती दात बनवते. मागच्या खोलीत तिची लॅब आहे. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याची मापं पाठवतात आणि ती त्यावरून कवळ्या आणि कॅप करते. पण एकदम नाही. आधी मेणाचा दात होतो, तो पेशंटच्या तोंडात बसवून बघतात, मग तो परत येतो, ती कणभर खरवडते, पुन्हा पाठवते. पेशंट हसतो, बोलतो, चावतो, तक्रार करतो आणि मग कुठे दात पक्का होतो. मेणाशिवाय आयुष्यातलं कुठलंही काम करावं हे तिला पटत नाही. आमचं लग्न ठरायला इतका वेळ लागला की दोन्हीकडच्या नातेवाइकांनी मध्यंतरी चौकशी करणंच सोडून दिलं होतं.

आम्हाला एकच मुलगी, नऊ वर्षांची. घरात तिला खारू म्हणतात, कारण हाताला लागेल ती वस्तू ती कुठेतरी दडवून ठेवते आणि विचारलं की गाल फुगवून बसते.

खारू आधी शाळेत जायची. तिथे गणिताच्या बाई घड्याळ लावून बेरजा करायला लावायच्या. खारू हळू आहे. ती चुकते असं नाही, ती हळू आहे, पण घड्याळाला हा फरक कळत नाही. हळूहळू असं झालं की दप्तर पाठीला लागलं की ती बोलायची बंद व्हायची आणि दप्तर उतरलं की बोलायला लागायची. डबा जसाच्या तसा घरी यायचा. मग एक दिवस दप्तर उतरलं तरी ती बोलली नाही. जेवणाच्या टेबलाशी बसून भिंतीकडे बघत राहिली. मी घाबरलो. मी घाबरट माणूस नाही, काउंटरवर माझ्या अंगावर लोकांनी मिक्सरचं भांडं भिरकावलेलं आहे. पण त्या दिवशी मी घाबरलो.

त्याच टेबलाशी आम्ही ठरवलं, हिला घरीच शिकवू. कायद्याने परवानगी होती, शिक्षण खात्याची माणसं अधूनमधून येऊन बघून जातात एवढंच. मी म्हणालो, "वर्षभर करून बघू. नाही जमलं तर परत पाठवू." बायकोने मान डोलावली. आमच्या घरात कुठल्याही गोष्टीला परवानगी मिळते ती याच वाक्याने. गणवेश धुऊन इस्त्री करून, बूट पॉलिश करून, दप्तर झटकून आम्ही सगळं एका खोक्यात भरलं आणि खोका खारूच्या पलंगाखाली सरकवला. खारू समोर बसून दूध पीत होती. दूध पिताना मुलांना ऐकू येत नाही असा माझा समज होता.

बाकीचे विषय पटापट मार्गी लागले. भाषा घरात बोललीच जात होती. विज्ञानासाठी मागच्या खोलीत जबडे होते. घोडं अडलं ते गणितावर. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी गणिताचे इतके अभ्यासक्रम मिळतात हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि त्यातले बहुतेक सगळे महिन्याभरात परत करता येतात हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. अट एकच, पुस्तकावर खूण नको आणि खोक्यातला एकही तुकडा कमी नको. ही अट माझ्यासाठीच लिहिली आहे असं मला वाटलं.

पहिल्या अभ्यासक्रमात लाकडाच्या रंगीत कांड्या होत्या. दुसऱ्यात व्हिडिओवर एक काका होते. ते एक ते दहा आकडे मोजतानाही हसायचे, नऊ आला की त्यांना तर हसू आवरायचंच नाही. बायको म्हणाली, यांच्या खालच्या कवळीत काहीतरी घोटाळा आहे. तिसऱ्यात एक अस्वल मधाचं दुकान चालवत होतं आणि बरण्या पेट्यांमध्ये भरत होतं. चौथा फार आधुनिक होता. त्यात काहीच सांगितलेलं नव्हतं, मुलाने स्वतः शोधून काढायचं होतं, आणि मोठ्यांनी सांगितल्यास मुलाचं नुकसान होईल अशी ताकीद पालकांच्या पुस्तकात दर पानावर दिलेली होती.

आम्ही चारही अभ्यासक्रम एकामागून एक वापरून बघितले, आणि दर वेळी पुढचा निवडण्यातच महिना-दीड महिना जायचा. वापरून म्हणजे, न वापरता. पुस्तकाच्या पानावर बायको तिचा पातळ पारदर्शक कागद ठेवायची आणि खारूने त्या कागदावर पेन्सिलीने, हलक्या हाताने गणित सोडवायचं. पान दुमडायचं नाही. कांड्यांना हात लावण्याआधी हात धुवायचे. महिना संपत आला की आम्ही दोघं टेबलाशी बसायचो. मला एक खोट दिसायची, बायकोला दुसरी, आणि अभ्यासक्रम खोक्यात जायचा. भरताना दर वेळी एखादा तुकडा कमी निघायचा. एखादी कांडी, अस्वलाची एखादी पेटी. मी डोळ्यांत तेल घालून शोधायचो. कांडी सोफ्याच्या फटीत निघायची, पेटी मोज्यात. "किती हा वेंधळेपणा," मी खारूला म्हणायचो. ती गाल फुगवायची.

नेणारा-आणणारा कुरिअरवाला एकच होता. पुढे पुढे तो बेल वाजवून विचारायला लागला, "काका, आज द्यायचंय की घ्यायचंय?"

मग एके दिवशी सकाळी शिक्षण खात्याच्या तपासनीस बाई आल्या. उंच, शांत बाई. पावसाळी बूट दाराबाहेर काढून ठेवून आत आल्या, ते मला आवडलं. बायकोने त्यांना जबडे दाखवले. भाषेचं बघून झालं. मग त्या खारूच्या शेजारी बसल्या.

"तीनशे सत्तेचाळीसमधला चार म्हणजे किती गं?"

"चाळीस," खारू म्हणाली. "चार दशक. म्हणजे चार निळ्या कांड्या. किंवा अस्वलाच्या चार पेट्या. त्या हसणाऱ्या काकांकडे चार बसगाड्या असतात. आणि एका पुस्तकात ते काय आहे ते सांगत नाहीत, पण ते चाळीसच आहे."

बाईंच्या भुवया वर गेल्या. मी बायकोकडे बघितलं. माझी छाती फुगली होती हे खोटं कशाला सांगू?

"छान. आता मला सांग, बावन्नातून सतरा गेले तर किती राहतील?"

"ते दुसऱ्या प्रकरणात असतं," खारू म्हणाली.

"बरं. मग दुसऱ्या प्रकरणात काय सांगितलंय?"

"माहीत नाही. दुसरं प्रकरण यायच्या आधी ते परत जातं."

"काय परत जातं?"

"पुस्तक."

बाई माझ्याकडे वळल्या. पावती नसताना इस्त्री घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडे मी ज्या नजरेने बघतो ती नजर मला स्वतःला कधी दिसली नव्हती. ती त्या दिवशी दिसली. मी त्यांना आमची पद्धत समजावून सांगितली. सांगता सांगता माझ्याच कानांना ती जरा चमत्कारिक वाटली, म्हणून मी आवाज वाढवला.

बाईंनी ऐकून घेतलं. "मुलगी हुशार आहे," त्या म्हणाल्या, "पण वर्ष संपत आलं आणि चार पुस्तकांचं मिळून तिचं एकच प्रकरण झालंय. मी पुढच्या महिन्यात येते. तोवर एक अभ्यासक्रम ठरवा. कुठलाही ठरवा. आणि ती पहिल्या प्रकरणाच्या पुढे गेलेली दिसू द्या. नाहीतर मला तिला शाळेत घालायला सांगावं लागेल. मला हौस आहे म्हणून नाही."

खारू भिंतीकडे बघत होती.

दार लावून बायको म्हणाली, "आता काय करायचं, अहो?" मी म्हणालो, आता घाई करून चालणार नाही. आणि त्याच दिवशी तीन अभ्यासक्रम एकदम मागवले.

त्यातला एक करड्या रंगाचा होता. त्यात चित्र नाही, अस्वल नाही, कांड्या नाहीत. नुसती गणितं, एकाखाली एक, आणि प्रकरणाच्या सुरुवातीला चार ओळी. लेखकाचं नावही कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं, लाज वाटल्यासारखं. बायकोने नाक मुरडलं, "हे विम्याच्या अर्जासारखं दिसतंय." मी म्हणालो, अगदी बरोबर. आमच्या संसारात इतक्या चटकन एकमत कधी झालं नव्हतं. करडं पुस्तक आम्ही बाजूला ठेवून दिलं.

राहिले दोन. एकात एक गाव होतं, गावात पूल होते, आणि पुलावरून आकडे जायचे. दुसऱ्यात संगणक मुलाची चूक बघून पुढचं गणित ठरवायचा. मला संगणकाचा पटला, कारण त्याची हमी जास्त होती. बायकोला गाव पटलं.

"तुमचा तो संगणक तिला चूक करूच देत नाही," ती म्हणाली. "चावून बघितल्याशिवाय दात कुठे टोचतो ते कसं कळणार?"

"आणि तुझ्या गावात आठ पुलांपलीकडे वजाबाकी आहे. तिथे पोहोचेपर्यंत बाई येऊन जातील."

"मग पूल वगळू."

"मधलंच वगळायचं तर अभ्यासक्रम कशाला घ्यायचा?"

असं तीन आठवडे चाललं. टेबलावर दोन्ही पुस्तकं समोरासमोर ठेवलेली असायची आणि आम्ही त्यांच्या बाजूने भांडायचो. त्या दिवसांत खारूला गणित शिकवायचं राहूनच गेलं. ती आपल्या खोलीत असायची, गुपचूप. आम्हाला वाटायचं, पोर समजूतदार आहे.

बाई येणार त्याच्या आदल्या दिवशी वस्तू परत करण्याची मुदत संपत होती. दुपारी आम्ही हात टेकले. ठरलं असं, की दोन्ही ठेवायचे, संगणकाचाही आणि गावाचाही, आणि बाईंना दोन्ही दाखवायचे. त्या एक मागत होत्या, आम्ही दोन देणार होतो. करडं पुस्तक मात्र परत. मी खोका काढला, चिकटपट्टी काढली आणि पुस्तक कुठे दिसेना म्हणून खारूला हाक मारली.

ती पुस्तक छातीशी धरून आली आणि माझ्या हातात दिलं.

मुखपृष्ठावर तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं. घरातलं नाही, पूर्ण, कागदोपत्री असलेलं. आतल्या पहिल्या पानावर पुन्हा तेच. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, दर पानाच्या डोक्यावर तेच, काळ्या शाईत. बायको प्लास्टरच्या साच्यांवर पेशंटची नावं लिहिते त्या मार्करची ती शाई. ती पाण्याने जात नाही, स्पिरिटने जात नाही. ती जाऊ नये म्हणूनच बायको तो मार्कर वापरते.

मी पानं उलटत गेलो. पहिलं प्रकरण तिने सोडून दिलं होतं. दुसरं पूर्ण सोडवलं होतं, आमच्याच घरात, आमच्या नाकाखाली, पुस्तकातच, पेनाने. निम्मी गणितं चूक होती. चुकलेली खोडून पुन्हा केली होती, काही दोनदा. तिसरं प्रकरणही सुरू झालं होतं.

माझ्या तोंडून जे वाक्य निघालं ते सवयीने निघालं. "वापरलेली वस्तू परत घेतली जात नाही."

"माहितीये," खारू म्हणाली. "म्हणून तर."

बायको हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली होती. तिने विचारलं, "अगं, पण हेच का? याच्यात तर काहीच नाही."

"हे तुम्हाला दोघांनाही नको होतं. त्या दोन्हींसाठी तुम्ही भांडत तरी होतात." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आधी मी कांड्या लपवायचे. एक कमी असली तर परत घेत नाहीत ना? पण तू शोधून काढायचास."

मी खुर्चीवर बसलो.

"बाबा, वर्ष संपत आलंय ना?"

"कसलं वर्ष?"

"तू म्हणाला होतास. वर्षभर करून बघू, नाही जमलं तर परत पाठवू." तिने हे माझ्याच सुरात म्हटलं, काउंटरवरच्या. "खोका माझ्या पलंगाखाली आहे. मी कधीकधी उघडून बघते. बूट अजून नवे आहेत. आत शाळेची पावतीपण ठेवलीय."

पावती मीच ठेवली होती. मला आठवत होतं, चुरगळू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती.

मला रडू आलं. लोकांची रडगाणी ऐकणं हाच ज्याचा धंदा, त्याला रडताना नेमकं काय करायचं ते सुचत नाही. मी चिकटपट्टीचं टोक नखाने उकरत बसलो. पोरगी वर्षभर त्या खोक्यावर झोपत होती आणि मी तिला वेंधळी म्हणत होतो.

मग मी उठलो, तिच्या खोलीत गेलो आणि पलंगाखालचा खोका ओढून बाहेर काढला. गणवेशाचा शर्ट वरच होता, घडीला घडी लागलेला. बायकोच्या लॅबमधली मोठी कात्री आणली आणि शर्ट कॉलरपासून खालपर्यंत कापला. चांगल्या स्थितीतली वस्तू मी तोवर कधी खराब केलेली नव्हती. बायको बघत होती. ती मला थांबवेल असं वाटलं, पण तिने एक बाही उचलून बोटांमध्ये चोळून बघितली.

"कापड चांगलं आहे," ती म्हणाली. "प्लास्टर पुसायला होईल."

"पँटपण काप," खारू म्हणाली.

मी पँट कापली. पावती फाडली. बूट तेवढे राहू दिले, ते तिला अजून होत होते.

"आणि उद्या बाई नाही म्हणाल्या तर?" बायकोने हळूच विचारलं.

"तर मी त्यांच्याशी भांडेन." हे मी तपासून म्हटलेलं नव्हतं. मेणातसुद्धा करून बघितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, बूट काढून आत आल्या. टेबलावर एकच पुस्तक होतं. बाईंनी ते उघडलं, पानं उलटली, शाईवरून बोट फिरवलं.

"या चुका हिच्याच आहेत?"

"सगळ्या," मी म्हणालो. "आम्ही एकालाही हात लावलेला नाही."

"बावन्नातून सतरा," बाई खारूला म्हणाल्या आणि कोरा कागद पुढे केला.

खारूने लिहायला घेतलं. हळू. बाईंच्या मनगटावर घड्याळ होतं, पण त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. खारूने पंचेचाळीस लिहिलं, बघितलं, खोडलं. मी पाठीमागे दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून उभा होतो. तिने पस्तीस लिहिलं.

"पंचेचाळीस का खोडलं?"

"पाचातला एक दशक मी दोनला देऊन टाकला होता," खारू म्हणाली. "आणि तो अजून इथेच आहे असं धरून चालले होते. एकदा दिला की दिला."

बाईंनी मान हलवली आणि अर्जावर त्या करड्या पुस्तकाचं नाव लिहिलं. तेवढ्यात बायको हात पुसत बाहेर आली. तिच्या हातात बाही होती आणि बाहीवर शाळेचा बिल्ला अजून शिवलेला होता. बाईंनी बिल्ल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांनी बूट घातले आणि "पुढच्या वर्षी येते," म्हणून गेल्या.

त्या पुस्तकाचे सात भाग आहेत. सगळे करडे. गाव आणि संगणक दोन्ही टेबलावर तसेच राहिले, त्यांची मुदत उलटून गेली होती. दुकानात बसून मी लोकांना उपदेश करतो त्या मानाने ही फारच नामुष्कीची गोष्ट होती, म्हणून ती मी तिथे कुणाला सांगितलेली नाही. कपाटावरचे खोके मी एका सुट्टीच्या दिवशी फोडून चपटे केले. टेबलफॅनच्या खोक्याला वेळ लागला.

दुसरा भाग आला तेव्हा दार मीच उघडलं. कुरिअरवाल्याने खोका हातात दिला आणि सवयीने विचारलं, "काका, मग न्यायला कधी येऊ?"

मी मागे बघितलं. खारू आईचा मार्कर घेऊन उभी होती, टोपण तिने आधीच दातांत धरलं होतं.